एकेचाळीस माणसं आणणारी ठमी

आमची ठमी सात महिन्यांची. तिला अजून धड बसता येत नाही, आणि संगणक म्हणत होता की महिनाभरात तिने विम्याची एकेचाळीस गिऱ्हाइकं आणली.

"आत्यावर गेलीय," नणंद म्हणाली. सासरे हसले नाहीत.

विम्याचं ते दीड खोलीचं ऑफिस त्यांनी तीस वर्षं चालवलं. आता एक मोठी कंपनी ते घ्यायला टपली होती. सोमवारी सह्या. महिनाभराची मुदत मीच मागून घेतली होती. "बाबा, जुन्या लोकांनाच नवे आणू द्या. प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा. जो माणूस आणेल त्याला मोबदला." नोकरी सोडल्यापासून ठमीचा श्वास चालू आहे ना, हे बघत बसणं एवढंच माझं काम उरलं होतं. तिला मांडीवर घेऊनच मी फॉर्म बनवला, कार्डं छापून घेतली. कार्डावर लिहिलं, 'तुम्हाला कोणी पाठवलं? त्यांचा क्रमांक लिहा. उदाहरणार्थ, १००१.'

१००१ हा मी ठमीच्या नावाने काढलेला चाचणीचा क्रमांक. लोकांनी शहाण्या मुलांसारखा उदाहरणातलाच आकडा उतरवून काढला. एकूण एक जणांनी!

"म्हणजे कोणी कोणाला पाठवलं ते देवालाच ठाऊक," सासरे म्हणाले. "मोबदला कुणाला देणार, ठमीला? राहू दे पोरी. सोमवारी सह्या करून मोकळा होतो."

"रविवारपर्यंत थांबा," एवढंच मी म्हणाले.

आणि एकेकाला फोन लावत सुटले. नणंदेने जुनं कॅलेंडर उलटं करून भिंतीला चिकटवलं. मी सांगायची, ती गोल काढून बाण ओढायची. सायकलवाल्याला शिंपीणबाईंनी पाठवलेलं. शिंपीणबाईंना शाळेच्या बसवाल्याने. बसवाल्याला बेकरीवाल्याने.

"अहो, कार्ड आलं म्हणून आठवण झाली इतकंच," बेकरीवाला म्हणाला. "आमच्या लॉन्ड्रीवाल्या मावशी कधीच्या सांगतायत, विमा काढायचा तर त्या माणसाकडे डोळे मिटून जा."

शनिवारी दुपारी नणंदेने पेन खाली ठेवलं. "वहिनी, हे बघ गं." एकेचाळीसपैकी अडतीस बाण फिरून फिरून एकाच गोलात शिरत होते. आणि त्या मावशी आमच्या यादीत नव्हत्याच. त्यांची आमच्याकडे एकही पॉलिसी नव्हती.

ठमीला कडेवर घेऊन मी लॉन्ड्री गाठली. मावशी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या.

"विमा काढायला कुठे गेले होते मी? पंधरा वर्षं झाली, दवाखान्याचा पत्ता विचारायला शिरले होते. ह्यांना कारखान्यातून तिकडे नेलं होतं. तुमच्या सासऱ्यांनी शटर ओढलं नि मला दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवलं. हे काही वाचले नाहीत. आठवड्याने तुमचे सासरे आमच्या घरी आले. म्हणाले, कपाट बघा, कुठे विमा होता का. निघाला, तो दुसऱ्याच कंपनीचा. तरी माझ्याबरोबर अकरा खेटे घातले त्यांनी. त्या पैशातून ही लॉन्ड्री."

"मग मोबदला तुमचाच, मावशी."

"इश्श! कुणी विचारलं की सांगते. त्याचा कसला मोबदला? पोरीला सावलीत धरा आधी."

घरी आले तर सासरे त्या कागदासमोर उभे. मी सगळं सांगितलं. त्यांचं बोट एका बाणावरून दुसऱ्यावर सरकत होतं, बसवाला, शिंपीणबाई, सायकलवाला, पार कडेपर्यंत.

"लॉन्ड्रीवाल्या..." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नाही गं आठवत. शटर ओढलेलं मात्र आठवतं. किल्ली आतच राहिली होती, कुलूपवाल्याला बोलवावं लागलं."

नणंद फस्सकन हसली. ते मात्र कागदाकडेच बघत राहिले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्या कंपनीवाल्याला कळव, सोमवारी येऊ नका म्हणावं. आणि कार्डं पुन्हा छापून घे. तो उदाहरणाचा आकडा तेवढा काढ."

ठमी माझ्या खांद्यावर झोपली होती. कधी झोपली, मला कळलंच नव्हतं.