पहाटेचा वाचक

"आधी उतरवून घे, मग वाच. वाचत बसलीस की हातचं जातं."

मोठ्या बाई निवृत्त होऊन गेल्या, पण त्यांचा आवाज ताईच्या कानात जसाच्या तसा होता. वाचनालयाच्या संग्रह विभागात ताईला हाताला धरून कामाला लावलं ते त्यांनीच. हौशी माणसं इंटरनेटवर काय काय लिहितात, काय काय चितारतात. मग एक दिवस साइट चालवणारी कंपनी गाशा गुंडाळते आणि सगळं होत्याचं नव्हतं होतं. ते बुडायच्या आत आपल्याकडे उतरवून घ्यायचं आणि सोबत एक टीप लिहायची. हे काय आहे, कुणी केलं, का केलं. ताईचं काम ते एवढंच.

ताई कामाला चोख होती, पण जिवाला घोर लावून घेणारी. घरातून निघताना कुलूप ओढून बघायची आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढायची. नवरा म्हणायचा, "अगं, एक दिवस ते कुलूप कंटाळून आपणहून उघडेल."

यावेळी तिच्या वाट्याला आलं होतं 'कवळी आणि चष्मा' नावाचं कॉमिक. पलंगाशेजारी एक स्टूल, स्टुलावर पाण्याच्या ग्लासात एक कवळी, शेजारी एक चष्मा. घरातली माणसं झोपली की या दोघांची जुंपायची. चष्मा म्हणायचा, "मला सगळं दिसतं." कवळी म्हणायची, "दिसून काय उपयोग? सांगायला तोंड लागतं." काढणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. प्रत्येक पानाच्या तळाशी नुसतं 'कवळीवाला', खाली दुकानाचा पत्ता, आणि त्याहीखाली किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा. गेली कित्येक वर्षं एकही नवीन चित्र नव्हतं. आता साइटच बंद होणार होती.

ताईने सगळं उतरवून घेतलं. पण समाधान होईना. एखादी चौकट राहिली असेल तर? एखादं पान अर्धंच आलं असेल तर? म्हणून तिने प्रोग्रॅमला सांगून ठेवलं, साइट बंद होईपर्यंत रोज पहाटे जा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं पुन्हा बघून ये.

"ताई, एकदा उतरलं ते उतरलं," पलीकडच्या टेबलावरचा संगणकवाला हसला. "तुम्ही तर इथेही कुलूप ओढताय."

टीपही लिहून झाली. त्यासाठी तिने सुरुवातीची पाचसहा पानं वाचली, शेवटची तीनचार वाचली, मधली नुसती सरकवली. एका स्टुलावर रात्र काढणारी, उठता बसता भांडणारी दोघं म्हणजे नवराबायको, दुसरं कोण? शेवटच्या पानांत चष्मा दिसत नव्हता, कवळी एकटीच होती. जोडीदार गेल्यावर त्याच्या आठवणीत काढलेली ही चित्रं आहेत, एका एकाकी माणसाचा हा शोक आहे, असं ताईने लिहिलं. लिहिताना तिचे स्वतःचेच डोळे भरून आले.

मग एके सकाळी प्रोग्रॅमने कळवलं की आज एक पान जास्त मिळालं.

ताईने ते उघडलं. तेच स्टूल, तोच ग्लास. कवळी पाण्यातून वर येऊन विचारत होती, "कोण आलंय?"

ताई हरखली. मेलेलं झाड पालवलं म्हणायचं! तिने सगळ्यांना बोलावून दाखवलं. दोन दिवसांनी आणखी एक पान आलं. कवळी म्हणत होती, "रोज पहाटे येतोस. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतोस आणि न बोलता जातोस. खोड गेली नाही तुझी." हे वाचून मात्र ताईच्या मनात पाल चुकचुकली. शुक्रवारी तिसरं पान आलं. त्यात ना कवळी होती ना चष्मा. मोकळं स्टूल होतं आणि चौकटीखाली हाताने लिहिलेलं होतं, 'दादा, कळलं मला तूच आहेस ते. इतकी वर्षं झालं ते झालं. रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतो.'

ताईची नजर पानाच्या तळाशी असलेल्या आकड्यावर गेली.

"अहो, जरा बघता का," तिने संगणकवाल्याला हाक मारली. "हा खालचा आकडा रोज पहाटे वाढतोय. कोण येतंय?"

त्याने वाकून बघितलं. "कोण म्हणजे? आपणच की. तुमचा प्रोग्रॅम." मग खालची ओळ वाचून त्याचंही हसू मावळलं. "अरे देवा. भाऊ वाचतोय असं वाटलं होय त्यांना?"

"आता काय करू?"

"काही करू नका. माणूस खूश आहे, भावाकडे निघालाय. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि भाऊ म्हणाला, कोण वाचतंय तुझं? दारातच म्हणाला तर?"

ताईने प्रोग्रॅम बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. बंद करावा तर उद्या आकडा वाढणार नाही, त्यांना वाटेल आपण येतो म्हटल्यावर दादा रुसला. चालू ठेवावा तर आणखी एक पहाट खोटं बोलल्यासारखं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. दिवसभर तिचा हात त्या बटणाशी जात होता आणि परत येत होता. घरी जेवणावर मन लागेना. नवऱ्याने ताट पुढे सरकवलं.

"तू काय मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम नाही केलं म्हणून खोटं थोडंच खरं होतं?"

"मग जाऊन सांग. फार तर दोन शब्द ऐकवतील."

"ऐकवले तर बरं," ताई म्हणाली. "गप्प बसले तर काय करू?"

शनिवारी सकाळी देवापुढे हात जोडून ती घराबाहेर पडली. कुलूप ओढून बघायचंही तिला सुचलं नाही. रस्ताभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. शेवटी दुकान सापडलं. एकाच दुकानाची मधोमध भिंत घालून दोन केली होती; समोरची मोठी काचेची खिडकीसुद्धा भिंतीने अर्धी कापलेली. भिंतीपलीकडे कुणी मोबाइल दुरुस्त करत होतं. अलीकडे पांढऱ्या भुकटीने माखलेल्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ गुलाबी मेणात दात बसवत होते. पायाशी भरलेली बॅग होती.

"या, बसा. माप द्यायचंय का? कुणाचं, सासूबाईंचं?"

"नाही काका. मी वाचनालयातून आले." जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "काका, तुमचं कॉमिक रोज पहाटे वाचतात ना, ते तुमचे दादा नाहीत. तो आमचा प्रोग्रॅम आहे. मीच लावून ठेवला होता. साइट बंद होणार म्हणून."

काकांचा हात थांबला. मेणातला दात त्यांनी हळूच दाबला, पुन्हा काढला, तिरका करून पुन्हा बसवला. ताईला वाटलं, यांनी ओरडावं, हाकलून द्यावं, काहीही करावं.

"दादा पहाटेच उठायचा," ते शेवटी म्हणाले. "म्हणून मला वाटलं."

"चुकलं माझं, काका."

"हे सगळं आमचं एकच दुकान होतं. तो चष्मे करायचा, मी कवळ्या. लोक म्हणायचे, इथे म्हातारपण अख्खं मिळतं." ते किंचित हसले. "ही खिडकी कुणाच्या बाजूला, यावरून भांडलो. उजेड दोघांनाही लागतो ना कामाला! शेवटी भिंत घातली आणि खिडकी दोघांचीही गेली. तो उठून दुसऱ्या गावाला गेला. मग मी चित्रं काढायला लागलो. वहिनी फोनवर म्हणाली होती, हे पहाटे उठून वाचतात, गालात हसतात, पण तुम्हाला सांगू नको म्हणतात. पुढे आकडा हलेनासा झाला. मग मीही थांबलो."

ताईचा चेहरा पडला. तिने पिशवीतून टीप काढली; लपवावी असं वाटत असतानाच पुढे केली. काकांनी कागद लांब धरून वाचला. भुवया वर गेल्या. आतल्या दाराकडे तोंड करून ते ओरडले, "अगं, ऐकलंस का? तू गेलीस म्हणे. मी शोक करतोय."

"मग आज जेवायला कोण घालणार आहे?" आतून आवाज आला. "शोकाबरोबर पोळी लाटून घ्या."

ताईला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. काका मात्र पुन्हा मेणाकडे वळले होते.

"उद्याचं जाणं..." ताईने भीत भीत विचारलं.

"तिकीट काढलंय." त्यांनी बॅगेकडे पाहिलं. "काल वाटत होतं, त्याला सगळं कळलंय, नुसतं समोर जाऊन उभं राहायचं. आता तो वाचत नाही म्हटल्यावर सगळं तोंडानेच सांगावं लागणार. ते काही आम्हा दोघांना कधी जमलं नाही." मेणातला दात त्यांनी पुन्हा एकदा दाबून बसवला. "दार उघडेल की नाही, कोण जाणे. पण जातो."

मग त्यांनी टीप घडी करून तिला परत दिली. "तू हे वाचून लिहिलंस?"

"थोडं वाचून."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकल्यास."

"हो, काका."

"मग एक कर. सगळं वाच. यंत्राने नाही, तू. ती साइट जिवंत आहे तोवर तिथेच जाऊन वाच. उद्या मी गाडीत असेन तेव्हा तिथे कुणीतरी खरं आलेलं असू दे. आणि मग लिही, का काढलं ते. वाचून चुकलीस तर माझी तक्रार नाही."

"वाचीन," ताई म्हणाली. "शब्द देते."

तिथून ती थेट वाचनालयात गेली आणि प्रोग्रॅम बंद केला. कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी ती गाडीच्या वेळेआधी उठली. नवरा झोपेतच पुटपुटला, "सुट्टी आहे ना आज?" तिने तोंड धुतलं, क्षणभर डोळे मिटून दोन अनोळखी भावांसाठी मागणं मागितलं. दार उघडेल का, ही काळजी छातीत तशीच होती. ती काही तिच्या हातची नव्हती. तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, त्यावर संगणक ठेवला, लिहिलेली टीप फाडून बाजूला केली आणि पहिलं पान उघडलं.

पहिल्या चौकटीत संवाद नव्हता. नुसतं स्टूल होतं आणि त्यावर, ग्लास यायच्याही आधी, चष्मा येऊन बसला होता. टीप लिहिताना, संवाद नाही म्हणून, ही चौकट तिने नुसती सरकवून टाकली होती. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि दुसरं पान उघडायची घाई केली नाही.