भागीच्या गोठ्यामागची टाकी

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी भागी नेहमीसारखी माझ्या तोंडाशी उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी शेण कालवू लागली. काड्या वेचून बाजूला, गुठळ्या फोडून पाण्यात. तिची मुलगी प्रतिभा खांद्याला पिशवी लावून शेजारी उभी होती. तिला जव्हारची जीप गाठायची होती, आणि तिथून पुणे.

"तुझे किडे काय म्हणतात?" भागीने विचारले.

"किडे नाहीत गं आई. ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"दिसत नाय म्हणून तर सरकार तुला पैसं देतं. दिसले असते तर मला दिलं असतं."

प्रतिभा हसली.

"आणि त्या एकाचं काय झालं? ज्याचं काम कोणाला ठाऊक नाय?"

"आता त्याला काढून टाकायचं आणि काय अडतं ते बघायचं."

"आन् कायच अडलं नाय तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

"जा बाय. जीप सुटंल."

मित्रांनो, तो आमचा शेवटचा साधा दिवस. तेव्हा तो तसा वाटला नाही.

मी एक जुना गोबरगॅस आहे. जामसरला भागी आणि तिचा नवरा तुळशीदास गुरुजी यांच्या गोठ्यामागे राहतो. एक्क्याण्णव साली सरकारी योजनेतून गुरुजींनी मला बांधून घेतले. जमिनीत विटांची विहीर आणि तिच्यावर तरंगणारा लोखंडी ड्रम. आत वायू साठला की ड्रम वर येतो, वापरला की खाली बसतो. माझे श्वास असे सगळ्या पाड्याला दिसतात.

सुरुवातीला मी कितीतरी दिवस नुसताच सडत होतो. मग गुरुजींनी मोखाड्याच्या एका चालू टाकीतला शेणपाण्याचा काला डब्यांत भरून आणला आणि माझ्यात ओतला. दुधाला विरजण लावतात, तसाच. पुढे निळी ज्योत लागली. शेजारची माघी म्हणाली होती, "शेणाचा चहा मी नाय पिणार." ती दोन कप प्यायली आणि वर साखर कमी पडली म्हणाली.

त्या विरजणात जे आले, तेच माझे खरे रहिवासी. ते जिवाणूंसारखे दिसतात, पण जिवाणू नव्हेत. फार जुन्या काळी त्यांची वाट वेगळी झाली. शास्त्रज्ञ त्यांना आर्किया म्हणतात. त्यांना हवा सोसत नाही. अंधारात, इतरांनी कुजवून टाकलेल्या उरल्यासुरल्यावर ते जगतात आणि मिथेन सोडतात.

प्रतिभा कॉलेजात गेल्यावर एका सुट्टीत माझ्यातली बाटलीभर मळी पुण्याला घेऊन गेली. त्यानंतर दर सुट्टीत ती भागीला त्यांच्याविषयी सांगत असे. त्यांच्याकडे हजारो जनुके असतात. सगळी एकाच वेळी काम करत नाहीत. समोर जे खाणे येईल त्याप्रमाणे काही उघडतात, काही मिटतात. हे उघडणे-मिटणे सांभाळणारी प्रथिनेही असतात. आणि कितीतरी प्रथिने अशी, की ती आहेत एवढेच ठाऊक. काय करतात ते कोणालाच ठाऊक नाही. प्रतिभा अशाच एकाच्या मागे लागली होती. त्यांच्याबद्दल ती भरभरून बोले. स्वतःबद्दल विचारले की मात्र "बरं आहे" म्हणून मोकळी होई.

ती पुण्याला पोचली त्याच आठवड्यात भागी भात झोडताना खळ्यावर बसली, ती पुन्हा उठलीच नाही. प्रतिभा परत आली.

भागीचे दिवस झाले. घर, ओटा, गोठा, सगळे धुवायचे होते. गुरुजींनी बाजारातून फिनेल आणि ब्लीचिंग पावडर आणली. बायकांनी मनापासून गोठा घासला. गोठ्याची मोरी थेट माझ्या तोंडात येते. ते सगळे पाणी माझ्यात उतरले.

मित्रांनो, मला राग आला नाही. मला राग येत नाही. माझ्यातले एकेक घर शांत होत गेले आणि ड्रम हळूहळू खाली बसला, एवढेच.

शेगडी पेटेना, तेव्हा प्रतिभा मागे आली. तिने काला हुंगला, मोरी पाहिली आणि माघीला विचारले, "आई गोठा धूत नव्हती का?"

"धुवायची की. साबण टाकला की मोरीत ते कौल आडवं लावायची. पाणी केळीला जायचं. धुऊन झालं की काढायची." माघीने गवतात पडलेले एक कौल पायाने दाखवले. "तुला नाय ठाऊक?"

"नाही."

"गुरुजींना?"

गुरुजी दारात उभे होते. त्यांनाही ठाऊक नव्हते. कौल इतकी वर्षे तिथेच पडलेले असे. कोणाला ते दिसले नव्हते.

"बुजवून टाकू हा खड्डा," गुरुजी म्हणाले. "मी सिलिंडरला नंबर लावतो. रोज कोण करणार आता?"

"बाबा, संक्रांतीपर्यंत थांबा."

"आणि तुझं पुणं?"

"रजा वाढवते."

"संक्रांतीपर्यंत. मग दगड टाकतो."

मला उपसण्यात आले. विटा धुतल्या गेल्या. शेण पुन्हा भरले. प्रतिभा आणि माघी मोखाड्याहून काल्याचे डबे जीपमधून घेऊन आल्या. ड्रायव्हरने नाक दाबून विचारले, "काय हाय गं डब्यात?"

"विरजण," माघी म्हणाली. "तुला दही पायजे?"

थंडी होती. थंडीत माझे रहिवासी आळसावतात. पौषात ड्रम थोडा उचलला गेला. गुरुजींनी काडी ओढली. वायू फुस्स करून आला आणि काडीच विझली. पुन्हा ओढली, पुन्हा विझली.

"मेलंय ते," गुरुजी म्हणाले.

"मेलं नाही बाबा. आधी दुसरे येतात, आंबवणारे. त्यांचा वायू जळत नाही. ते आतला प्राणवायू संपवतात, तेव्हा कुठे आपले जागे होतात."

"तुझी आई असती तर..." गुरुजी म्हणाले.

प्रतिभा रोज सकाळी काड्या वेचून शेण कालवत राहिली. आरंभी हातात काठी घेऊन. काठीने गुठळ्या फुटत नाहीत. मग काठी सुटली.

संक्रांतीला अजून थोडा अवकाश होता, तेव्हा शेगडीवर ज्योत धरली. आधी पिवळट, थरथरणारी, मग निळी. गुरुजींनी चहाचे आधण ठेवले. दगडांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याला फार काही लागत नाही. रोज थोडे शेण, थोडे पाणी, आणि विष घालण्याआधी एकदा विचार. तुमच्या घरात जे काम आपोआप होते असे वाटते, त्याच्याकडे एकदा नीट बघा. ते कोणीतरी करत असते. ते माणूस असतानाच विचारा. नंतर विचारायला आमच्यासारखे उरतात, आणि आम्हाला बोलता येत नाही.

गुरुजी कप घेऊन ओट्यावर गेले. माघी घरी गेली. प्रतिभा माझ्या तोंडाशी बसली होती, कोपरापर्यंत बरबटलेली. कालवून झाले तरी ती उठली नाही. हात काल्यात तसेच ठेवून ती मोठ्याने म्हणाली,

"आई, मला पुण्यात करमत नाही गं. पहिल्या दिवसापासून करमलं नाही."