माघात आणलेली पिल्ले

मी एक जुना टोपला आहे, कोंबड्या झाकायचा. धाड गावाजवळच्या एका वस्तीवर राहतो. बुरडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणले आणि विणीत मुद्दाम फटी ठेवल्या. माझ्या पोटात राहणाऱ्यांना श्वास घ्यावा लागतो.

मित्रांनो, मला विकत घेतले गोजरबाईंनी. त्या वर्षी त्यांनी वैशाखात पिल्ले आणली होती. पेरणीला अवकाश असतो, हात रिकामे असतात, म्हणून आमच्याकडे बहुतेक जण तेव्हाच आणतात. निम्मी उन्हाने गेली. उरलेली वजनात भरली ती नेमकी श्रावणात, आणि श्रावणात कोंबड्याला कोण विचारतो? महिनाभर ती नुसते दाणे खात राहिली. गोजरबाईंनी कोंबड्यांचा नाद सोडला. मी गोठ्यात पडलो, माझ्यावर कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची पोती आली आणि एक कामटी मोडली.

पुढे संजीवनी या घरात सून म्हणून आली. तिला कोंबड्या पाळायच्या होत्या. सासूबाईंनी गोठ्याचा एक कोपरा दिला, पण अट घातली. कोंबडे श्रावणाआधी विकले गेले पाहिजेत. नाहीतर तिथे पुन्हा कुटार भरायचे आणि हा विषय कायमचा बंद.

संजीवनीने उलटा हिशोब केला. आखाडात कोंबड्यांना मागणी असते, म्हणजे पिल्ले माघातच यायला हवीत. वैशाखापर्यंत ती मोठी होतात, स्वतः सावली शोधतात. जात तिने गिरिराज निवडली. ही गावरानपेक्षा लवकर वाढते आणि मोकळ्यावर फिरूनही पोट भरते. तरी त्याआधी तिने एक गावरान कोंबडी आणली. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी देणे थांबवून बसूनच राहू लागली. खुडूक मोडायला तिला पाण्यात बुचकळतात. संजीवनीने तसे करू दिले नाही. माझी मोडकी कामटी तारेने बांधली आणि कोंबडीला माझ्याखाली बसवले.

तिचा दीर गोपाल हसला. “वहिनी, हिले बसवून काय करता? बल्ब लावा ना.”

“लाइन गेल्यावर पिल्लायले ऊब कोण देईन? तुम्ही देता का, भाऊजी?”

यावर गोपाल म्हणाला, की आपण बसू, पण घोरण्याने पिल्ले पळाली तर बोल लावायचा नाही.

कोंबडीच्या पंखांखाली मावतील एवढीच पिल्ले आली. दिवेलागणीला संजीवनीने ती एकेक करून आत सरकवली. परकी पिल्ले कोंबडी टोचूनही मारते. तिने पहिल्या पिल्लाकडे मान वळवली, तसा संजीवनीने पिल्लू काढून घ्यायला हात पुढे केला. मग कोंबडीने पंख थोडे उचलले आणि आतून बारीक ‘कुर्रर्र’ केले. गोजरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्यावर गोणपाट टाकले.

वैशाखात वस्तीवरच्या इतरांनी आणलेली पिल्ले धापा टाकत होती. आमची तोवर लिंबाखाली माती उकरत होती.

आखाडात मी जीपच्या टपावरून धाडच्या बाजारात गेलो. माझ्या पोटात तुरे लाल झालेले, वजनदार कोंबडे होते. ढाबेवाले इंद्रभान यांनी एक उचलून पाहिला आणि गोजरबाईंना विचारले, सगळे देता का, भाव काय?

“मले काऊन इचारता?” गोजरबाई म्हणाल्या. “कळप सुनेचा हाय. भाव तीच सांगन.”

संजीवनीने भाव सांगितला. इंद्रभान जरा घासाघीस करून पाहू लागले, तेवढ्यात मागून दुसरे गिऱ्हाईक पुढे सरकले. मग इंद्रभान यांनीच घाईने सगळे कोंबडे घेतले. मी रिकामा झालो आणि इतका अभिमान मला भरलेला असतानाही वाटला नव्हता.

परतताना गोजरबाईंनी जीपमधल्या प्रत्येकाला सांगितले, की पिल्ले माघातच आणावीत. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “घरी गेल्यावर दुसरा कोपराही मोकळा करू. कुटार बाहेर राहीन.”

मित्रांनो, पिल्ले आणण्याआधी ती कोणत्या महिन्यात मोठी होतील ते पाहा. आणि माझ्यासारखा टोपला रिकामा झाला, की धुवून उन्हात ठेवा. विणीत कोंबड्यांच्या उवा राहतात. मला गोजरबाईंनी कालच स्वतः घासून धुतले. आता मी अंगणात उघडिपीची वाट पाहतो आहे, आणि माझ्याभोवती माघातल्या त्या पिल्लांच्या तरण्या कोंबड्या फिरत आहेत. त्या विकायच्या नाहीत. हिवाळ्यात त्या अंडी देतील.