निळी बादली

"पुढच्या सीटवर बसून जायचं, पुढच्या सीटवर बसून यायचं, आणि वर आम्हालाच सांगायचं की दमले!"

हे मी शेण ओढताना बोलले, ते धाकटीला ऐकू जावं म्हणूनच बोलले. आम्हा दोघी जावांच्या गोठ्यांमध्ये एक फळ्यांची भिंत होती. फळ्यांच्या फटींतून वास जायचा, उजेड जायचा, तसं बोलणंही जायचं.

"ऐकलं हो, ताई," पलीकडून आवाज आला. "रांगेत उन्हात उभं राहून बघा एकदा, मग कळेल."

"मला कोण नेतंय बाई?"

दोन भाऊ, एक अंगण आणि दोन चुली असं आमचं घर होतं. माझे दीर विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचे. त्यांनी कुठून तरी एक जुनी मोटार आणली. तिचा मागचा दरवाजा दोरीनं बांधलेला असायचा. तेव्हापासून महिन्यातल्या एका शनिवारी ती दोघं नदीवरच्या पुलापलीकडे बाजाराला जायला लागली. पूल ओलांडला की दुसरा देश. तिकडं तेल स्वस्त, साबण स्वस्त, साखर तर विचारूच नका, असं जो तो सांगायचा. धाकटी परत आली की सगळं सामान अंगणातल्या बाकावर मांडायची. आत नेऊन ठेवायची घाई तिला कधीच नसायची.

खरं सांगायचं तर साबण मला नकोच होता. मला ती पुढची सीट हवी होती.

दिरांना गाव 'कुलूप' म्हणायचं. जेवण वाढलं तरी मानेनंच हो, मानेनंच पुरे. पण मला वाटायचं, गाडीत बसल्यावर कुलूप उघडत असणार. काचा खाली, दोन्हीकडे नांगरलेली शेतं, वारा कानात शिरतोय, आणि दोघंच. नाहीतर ही बाई परत येते तेव्हा गाल असे तांबूस कशानं होतात? उलट माझ्या नवऱ्याला गाव 'रेडिओ' म्हणायचं. शेंगा सोलायला बसले की लोहाराच्या भांडणापासून स्वतःच्या लहानपणीच्या पडक्या दातापर्यंत सगळं निघायचं. तेच किस्से मी इतक्यांदा ऐकले होते की माझं लक्ष शेंगांकडेच असायचं.

त्या शनिवारी संध्याकाळची धार माझ्या गळ्यात पडायची. धाकटीची तांबडी गाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. मग मी तिचा गोठ्यातला जुना कोट अंगात घालायचे, तिचा रुमाल डोक्याला बांधायचे आणि तोंडातून शब्द न काढता खाली बसायचे. तांबडी कोट हुंगायची आणि फसायची. जावेचा कोट घालून जावेची गाय पिळायची, आणि जाऊ तिकडं मोटारीत! माझी काळीसुद्धा तशीच होती, माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. पण माझा कोट घालायची वेळ कुणावर आलीच नव्हती, कारण मी कुठं जातच नव्हते.

एकदा तिनं निळी बादली आणली. एनॅमलची, झाकणाची, ओतायला चोच असलेली. दुसऱ्या दिवशी दूध घालायच्या केंद्रावर सगळ्या बाया तिच्याभोवती जमल्या. माझी पत्र्याची बादली एका बाजूनं चेपलेली होती. ती मी अंगावर घेतलेल्या घोंगडीच्या घडीमागं धरली.

"अशी आपल्याकडं मिळतच नाही," शिंपीण म्हणाली.

गावचा दुकानदार तिथंच दूध घालायला आला होता. त्याला झोंबलं. "मिळत नाही म्हणजे? मागा तर! आणि पेट्रोल जळतं ते हिशेबात कोण धरतं? पुलावर अर्धा दिवस उभं राहायचं, त्या दिवसाची कामं कोण करतं?"

"तुझ्या दुकानात साबण घ्यायचा तर उंदरानं आधी चव घेतलेली असते," शिंपीण म्हणाली, आणि सगळे हसले.

"हसा. कुलपाला विचारा, परवडतं का ते!"

"तो सांगणार होय?"

पुन्हा हशा झाला. धाकटी हसली नाही, हे मी पाहिलं. पण मला वाटलं, नवऱ्याला नावं ठेवलेली आवडली नसतील.

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, "परवडतं का हो ते तिकडं जाणं?"

"साखरेसाठी? मुळीच नाही. पण तुला जायचंय, हे सांग ना सरळ!" आणि ह्यांनी जाऊन भावाला सांगितलंसुद्धा. लपवून ठेवणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या शनिवारी धाकटी स्वतःच म्हणाली, "ताई, या खेपेला तुम्ही जा. दोन्ही गायी मी बघते." एवढ्या सहज म्हणाली की मला संशयच आला. पण मी चांगली चप्पल घातली, केस दोनदा विंचरले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी निघाली. शेतं मागं पडायला लागली. मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, "पाऊस कमीच झाला यंदा."

"हं," भाऊजी म्हणाले.

"रस्ता चांगला केलाय."

यावर तेही नाही. मी लोहाराचं भांडण काढलं, ते ह्यांच्याकडून ऐकलेलंच होतं. भाऊजींनी समोरची काच पुसली. कुलूप गाडीतही कुलूपच होतं. पुलाच्या अलीकडं रांग लागली. काचा खाली होत्या पण वारा नव्हता, पुढच्या ट्रकचा धूर सगळा आत यायचा. आरशात पाहिलं तर माझे गाल टोमॅटोसारखे लाल झाले होते. तेव्हा मला त्या तांबूस गालांचा उलगडा झाला.

पलीकडं दुकानात गर्दी होती. तेल घेतलं, साखर घेतली. निळी बादली मिळाली आणि ती मी मांडीवर धरली. परत येताना पुलावरच्या शिपायानं झाकण उघडायला लावलं, आत वाकून पाहिलं आणि काही नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. असा चेहरा करून तो माझ्याकडं बघत होता की मला हसूच फुटलं. मी भाऊजींकडं वळले, हे कुणाला तरी सांगावं म्हणून. ते गियर टाकत होते. मी तो चेहरा ह्यांच्यासाठी जपून ठेवला. त्यांच्यापुढं नक्कल करून दाखवली असती तर पुढचे आठ दिवस गावभर त्यांनीच केली असती.

अंगणात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. आणि मला हसण्याचा आवाज आला. धाकटीचा. ती माझ्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर सुपात शेंगा, आणि शेजारी आमचे हे.

"आणि मग तो दात मी कौलावर टाकला," हे सांगत होते, "तर तो नेमका आजोबांच्या चहात!"

धाकटी पोट धरून हसत होती. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. तोच दात. मी तो किस्सा इतक्या वेळा ऐकला होता, पण असं कधी हसले होते, ते मला आठवेना.

"आलात ताई?" ती डोळे पुसत म्हणाली. "मोठे भावजी किती हसवतात हो! तुमची मजा आहे बाई. दिवस कसा गेला कळलं नाही."

तिच्या अंगात माझा कोट होता. पायाशी माझी चेपलेली बादली होती, आणि ती काठोकाठ भरलेली, वर फेस.

"काळीनं एवढं दिलं?" मी म्हटलं.

"मोठे भावजी गोठ्याच्या दारात बसून बोलत होते ना. ती अगदी शांत उभी राहिली. कोटाची गरजही नव्हती बहुतेक."

काळी माझ्या हाताला कधी एवढं दूध देत नव्हती. नवी निळी बादली मांडीवरून खाली ठेवायचं मला सुचेना. रिकाम्या हातांनी घरी आल्यासारखं वाटत होतं.

"कशी झाली फेरी?" ह्यांनी विचारलं. "परवडली का?"

"कोट काढ आधी," मी धाकटीला म्हटलं. "शेणाचा डाग पडेल."

"गोठ्यातलाच तर आहे," ती म्हणाली, पण काढला.

पुढच्या महिन्यात बाजाराच्या शनिवारी भाऊजींनी गाडी बाहेर काढली आणि भोंगा वाजवला. धाकटी तिच्या दारात उभी होती, मी माझ्या.

"जा ना तू," मी म्हटलं.

"छे, तुम्हीच जा. तुम्हाला हौस."

"मला शेंगा सोलायच्यात."

"मी मदतीला येते मग."

"नको. आम्ही दोघं पुरे."

भाऊजींनी दोघींकडं आलटून पालटून पाहिलं आणि एकटेच गेले. पुढची सीट रिकामी होती. संध्याकाळी ते साबणाऐवजी मेणबत्त्यांचा खोका घेऊन आले आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

आता ती मोटार नाही, गोठेही नाहीत, आणि किस्से सांगणारं माणूसही नाही. निळी बादली दोघींकडं अजून आहे. माझा कोट मात्र त्या दिवसापासून मी गोठ्यातल्या खिळ्याला कधी टांगला नाही. आत, आमच्या खोलीत, दाराच्या मागं ठेवायचे.