मेंढपाळाचा व्हिसा

सोहेबचा आखाताचा व्हिसा आला तेव्हा गयासोद्दीननं आधी अख्ख्या कुंभार पिंपळगावात पेढे वाटले आणि मग तो वाचून घेतला. पोरगा आयटीआय शिकलेला एसी मेकॅनिक, अन् व्हिसावर काम लिहिलेलं मेंढपाळाचं! गयासोद्दीनचं डोकं सणकलं. त्यानं तडक जालना गाठून एजंटाला धारेवर धरलं.

"चाचा, मेकॅनिकचा कोटा संपला," एजंट थंडपणे म्हणाला. "मेंढपाळ फक्त कागदावर. काम एसीचंच करायचं."

"अन् तिथं पोलिसानं इचारलं तर?"

"मेंढपाळ हाय म्हणायचं."

"एसी खोलताना सापडला तर?"

"तर परत पाठवतील. म्हणून त्याला बकऱ्यांचं थोडं शिकवून ठेवा."

"म्हणजे खरं काम चोरून करायचं अन् खोटं तोंडपाठ करायचं?"

"बिलकुल बराबर!"

परतीच्या बसमध्येही गयासोद्दीनला काही उमगेना. बकऱ्या राखायला शिकवणं त्याला जड नव्हतं. त्याची हयात त्यातच गेल्ती. पण शिकवायचं कशावर? घरातली शेवटची बकरी त्यानं सोहेबच्या आयटीआयसाठीच तर विकली होती.