जाड झालेलं चर्च

भिंत तीन मिलिमीटर समुद्राकडे सरकली होती, आणि रविवारी त्याच चर्चमध्ये कल्लिरोईचं लग्न होतं.

हिवाळ्याआधी बेटाला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा तिनंच लेझर यंत्रानं चर्चची पहिली मोजणी केली होती. आज दुसरी. भिंत खरोखर सरकली असेल तर दाराला टाळं, आणि ते ठोकायचं की नाही हे सांगायचंही तिनंच.

"यंत्र चुकत असेल," लग्न लावणारे पाद्री, पापा-निकिफोरोस, आशेनं म्हणाले.

"चुकतंच ना, पापा. किती चुकतं तेच तर सकाळपासून काढतेय. उन्हाची चूक, वाऱ्याची, तिरक्या कोनाची, सगळ्या धरून एक मिलिमीटर. तीन म्हणजे खरंच सरकली."

"मग चार धर की, पोरी! देवाच्या कामात कसली काटकसर?"

"लग्नाआधीच एवढी अनिश्चितता नको हं," नवरदेव आर्गिरिस म्हणाला.

कल्लिरोईनं चिडून उरलेल्या भिंतीही तपासल्या आणि डोळेच विस्फारले. उत्तरेची भिंत उत्तरेला सरकली होती, पूर्वेची पूर्वेला, पश्चिमेची पश्चिमेला.

"अरे, चर्च जाड झालंय!"

"ईस्टर झाला ना. उपास सुटल्यावर कोण बारीक राहिलंय?" आर्गिरिस म्हणाला.

पापांनी पोट आत ओढून छातीवर क्रूस काढला. चमत्कार असेल तर बिशपना कळवावं लागणार, म्हणजे ते जेवायला येणार, ही नवीच काळजी.

"भिंतीला टेकून बसू नकोस गं," आर्गिरिस तिचा काळा स्वेटर झटकू लागला. "पाठ बघ, सगळा चुना."

कल्लिरोई थिजली. "यंदा ईस्टरआधी चुना कोणी लावला?"

"दरवर्षीसारखा गावानं. पण 'माझं लग्न आहे, चांगले जाडजूड तीन हात द्या' म्हणून डोकं कोणी खाल्लं? तू!"

ती यंत्राकडे धावलीच. समुद्राकडच्या त्याच भिंतीत दाराची संगमरवरी चौकट होती, आणि तिला कुणी चुना लावत नाही. चौकटीतला फरक एका मिलिमीटरच्या आत!

"नाही हलली! काही हललं नाही!" तिनं पापांना कडकडून मिठी मारली. तिची पाठ थोपटताना त्यांच्या काळ्या झग्याची बाहीही पांढरी झाली. "मीच मला चुना लावला हो!"

"मग रविवारी?"

"उघडा दारं!"

अहवालात मोजणीतल्या चुकीची कारणं लिहिताना तिनं प्रामाणिकपणे भर घातली: ऊन, वारा, कोन, वधू.