फ्रीझरमध्ये ठेवू नये

दचकू नका, फ्रीजच्या मधल्या कप्प्यातून बोलतोय मी. स्टीलचा डबा. गोल, बसका, आणि झाकण इतकं घट्ट की उघडताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

या घरातल्या सुनेचा मी शाळेपासूनचा सोबती. तिने मला बाकावर आपटलंय, एकदा मैत्रिणीला फेकूनही मारलंय. तो पोचा अजून आहे. लग्नानंतर तिच्याबरोबर इथे आलो आणि कपाटावर उपडा पडून राहिलो. वाटलं, संपलं आपलं.

मग एका दुपारी तिने मला घासूनपुसून माझ्यात इंजेक्शनचं पेन ठेवलं, सोबत घडी घातलेला माहितीचा कागद. फ्रीजमध्ये अगदी मागे सारलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "इथे बाबांचं लक्ष जाणार नाही."

बाबा म्हणजे तिचे सासरे. माणूस मायाळू, पण घरात कुणी 'पाळी' म्हटलं की वर्तमानपत्रात तोंड खुपसतात. त्यात मूल होत नाही म्हणून दोन वर्षं नातेवाइकांनी सल्ले देऊन तिला नकोसं केलं होतं. या वेळचे उपचार कुणाला कळू द्यायचे नाहीत, असं दोघांनी ठरवलं.

तिचं दुखणं मला ऐकून पाठ झालंय. पाळी दोन-दोन महिने येत नाही. स्त्रीबीजं कमी नाहीत, उलट गर्दी आहे, पण एकही धड पिकत नाही. तिने वजन उतरवलं. मग पाळीनंतर पाच-पाच दिवसांच्या गोळ्या, सहा महिने. काही झालं नाही. मग इंजेक्शनं. पहिल्याच महिन्यात एकदम नऊ बीजं वाढली. एवढी वाढणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो महिना सोडून द्यायला लावला. आता अगदी लहान मात्रा, रोज संध्याकाळी सातला. दहाव्या दिवशी सोनोग्राफीत एकच बीज वाढताना दिसलं. हेच हवं होतं! हे हुकलं तर पुढे टेस्ट ट्यूब बेबीचा विचार, आणि तिला त्याची धास्ती होती.

अकराव्या दिवशी ती कामावर गेली आणि बाबांनी फ्रीज पुसायला काढला.

"लोणी असणार," असं पुटपुटत त्यांनी मला उचललं आणि वितळू नये म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलं. बाकी सगळं जागेवर गेलं, मी वरच राहिलो. मी पडलो स्टीलचा, गारठा लगेच अंगात घेतो. पेनातलं औषध गोठत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

चार वाजता त्यांना माझी आठवण झाली. झाकणाशी झटापट करून उघडतात तो लोणी नाही. त्यांनी चष्मा लावला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, एक अक्षर सोडत नाही. औषध कशासाठी ते वाचलं. मग शेवटची ओळ तीनदा वाचली: 'फ्रीझरमध्ये ठेवू नये. गोठल्यास वापरू नये.' कागदाची घडी होती तशी घातली आणि मला मुकाट्याने पुन्हा मागे ठेवून दिलं.

अहो बाबा, असं काय करताय! सातपर्यंत औषध पुन्हा पातळ होणार, तिला कळणारसुद्धा नाही.

पावणेसातला ती आली. मला ओढणीआड लपवून खोलीत नेलं, दार लोटलं. हात धुतले, पोटावरची जागा पुसली, पेनला सुई लावली. बाहेर खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मी म्हटलं, बोला हो, बोला.

"सूनबाई," ते बाहेरूनच म्हणाले, "टोचू नकोस ते. माझ्या हातून गोठलंय."

तिने दार उघडलं. "तुम्ही वाचलंत?"

"वाचलं. आणि तीन तास तोंड शिवून बसलो. लाज वाटली गं मला. चुकलं माझं."

तिच्या डोळ्यांत आधी राग आला, मग पाणी. "बाबा, एकच बीज आहे हो..."

दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, ते टाकून द्या, नवं न्या, आजचं चुकवू नका. आमच्या इथलं औषधाचं दुकान आठला बंद होतं. बाबांनी चपला चढवल्या, मला काखेत मारलं आणि निघाले.

काउंटरवर गर्दी होती. मला वाटलं, आता हे चिठ्ठी पुढे करून गप्प राहणार. पण ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या सुनेचं बीज पिकायचं इंजेक्शन द्या. आणि बर्फ फडक्यात गुंडाळा, पेनला टेकता कामा नये." माणसं वळून बघत होती. बाबांनी मान खाली घातली नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिने इंजेक्शन घेतलं. बाबा दाराबाहेर पाठ करून, घड्याळ बघत उभे होते.

बीज पिकलं. पुढचं अजून कुणालाच माहीत नाही. दिवस राहिलेत का ते कळायला सोमवारी रक्ताची तपासणी आहे. मी आता रिकामा आहे, पण कप्प्यात पुढे आहे, आणि झाकणावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'फ्रीझरमध्ये ठेवू नये.' तुमच्याही फ्रीजमध्ये मागे सारलेला एखादा डबा असेल, तर त्याला जरा पुढे घ्या एवढंच मागणं.

काल बाबांनी पुन्हा फ्रीज पुसायला काढला. मला दोन्ही हातांत धरून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, हा रिकामा दिसतोय. कपाटावर ठेवू का?"

ती आली आणि तिने चिठ्ठीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

"राहू दे तिथेच, बाबा," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत."